जुन्या लष्करी पदकांच्या मूळ धारकांची ओळख

जुन्या लष्करी पदकांच्या मूळ धारकांची ओळख म्हणजे एखादे जुने पदक, पदकांचा संच किंवा गणवेशावर लावण्याची फीतपट्टी प्रथम कोणत्या सैनिकाला मिळाली होती, हे उपलब्ध पुराव्यांच्या आधारे ठरविणे. पदकाच्या कडेवरील मजकूर, फितींचे रंग व क्रम, पलटणींचा इतिहास, सरकारी नोंदी आणि कौटुंबिक आठवणी ही या शोधाची मुख्य साधने होत. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने ब्रिटिश काळातील मुंबई लष्कर, मराठा व महार पलटणी आणि मराठवाड्यापुरता निजामाच्या राज्यातील हैदराबाद काँटिन्जंट यांच्याशी निगडित आहे. युरोपात याच विषयाची सर्वांत गुंतागुंतीची शाखा जुन्या जर्मन फीतपट्ट्यांची मानली जाते, कारण त्यांवर धारकाचे नाव नसते.

पार्श्वभूमी

पदक हे सैनिकाच्या सेवेचे प्रमाण असते. सामान्य सिपायाच्या बाबतीत ते पुष्कळदा त्याच्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावा ठरते. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुसंख्य हिंदी सैनिकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची पत्रे क्वचितच टिकली आणि छायाचित्रे तर त्याहून दुर्मीळ. पदक मात्र धातूचे असल्याने टिकले.

टिकलेली सर्व पदके घरात राहिली नाहीत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल हे बहुतांशी चांदीचे होते. दुष्काळात, कर्जफेडीसाठी किंवा लग्नकार्यासाठी अशी पदके सराफाकडे गेली आणि काही आटविली गेली. उरलेली जुन्या बाजारातून संग्राहकांकडे पोहोचली. पदक घरातून बाहेर पडताच त्याचा कुटुंबाशी असलेला संबंध तुटतो आणि ते कोणाचे होते, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

कडेवरील मजकूर

ब्रिटिश पद्धतीच्या बहुतेक मोहीम-पदकांच्या कडेवर धारकाचा तपशील कोरलेला किंवा ठसविलेला असतो. त्यात सामान्यतः चार गोष्टी येतात : पलटणीतील क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. मजकूर अतिशय लहान रोमन अक्षरांत असल्याने तो भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचावा लागतो.

क्रमांक. त्या काळी सैनिकाचा क्रमांक पलटणीपुरता असे. त्यामुळे एकच क्रमांक अनेक पलटणींतील अनेक सैनिकांना मिळालेला असतो. पलटण माहीत नसताना केवळ क्रमांकाचा उपयोग होत नाही.

हुद्दा. हुद्द्यावरून दल ओळखता येते. सिपाही, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे पायदळाचे हुद्दे, तर सवार, दफादार, रिसालदार हे घोडदळाचे. भिस्ती, सईस, डोलीवाले अशा सेवकवर्गालाही पदके मिळत. अनेक मोहिमांत त्यांना चांदीऐवजी कांस्याचे पदक दिले जाई. कांस्याचे ब्रिटिश वॉर मेडल प्रामुख्याने श्रमिक दलांतील लोकांना मिळाले.

पलटण. पदकाचा काळ ठरविण्यास पलटणीचे नाव सर्वांत उपयोगी पडते, कारण ही नावे वेळोवेळी बदलली.

या नियमाला अपवाद आहेत. १८६७-६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेच्या पदकावर धारकाचे नाव मागील बाजूच्या मध्यभागी उठावाने असते. हिंदी सैनिकांच्या बहुतेक पदकांवर मात्र ते ठसविलेले आढळते. व्हिक्टोरिया क्रॉसवर नाव वरच्या आडपट्टीच्या मागे आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या मागील बाजूस मध्यभागी असते. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या कुटुंबांना देण्यात आलेल्या कांस्य स्मृतिफलकावर केवळ नाव आहे; हुद्दा आणि पलटण हेतुपुरस्सर वगळलेले आहेत. मरणात सर्व समान, हा त्यामागचा विचार उदात्त असला तरी ‘सखाराम’ किंवा ‘शेख अहमद’ यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या नावाच्या बाबतीत फलकाचा धनी शोधणे त्यामुळेच कठीण होते.

पलटणींची बदललेली नावे

१९०३ साली लॉर्ड किचनेर यांच्या काळात हिंदी लष्कराची फेररचना झाली. मुंबई लष्करातील पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. तिसऱ्या पलटणीची १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी झाली. १९२२ साली दुसरी फेररचना होऊन मराठा पलटणींची मिळून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट तयार झाली. तिच्यात १०३ वी पलटण पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. ११४ वी पलटण दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन, बनली.

यावरून एक साधा नियम निघतो. पदकाच्या कडेवर ‘११७ मराठाज’ असे असेल, तर ते १९०३ ते १९२२ या काळातील सेवेचे आहे. ‘५ मराठा लाइट इन्फंट्री’ असे असेल तर ते त्यानंतरचे आहे.

कौटुंबिक आठवणींतील पलटणींची लोकनावेही येथे उपयोगी पडतात. ‘जंगी पलटण’ म्हणजे पूर्वीची १०३ वी आणि ‘काळी पाचवी’ म्हणजे पूर्वीची १०५ वी. पणजोबा काळी पाचवीत होते, एवढे एकच वाक्य घरात टिकले असले, तरी शोधाचे क्षेत्र एका पलटणीपुरते मर्यादित होते.

महार सैनिकांच्या बाबतीत काळाची जाणीव अधिक महत्त्वाची आहे. कंपनीच्या मुंबई लष्करात महार मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, पण युद्धानंतर ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगाव येथे उभी राहिली. त्यामुळे १११ व्या महार पलटणीचे नाव असलेले पदक फार थोड्या वर्षांतील सेवेचे असते.

नावांचे लेखन

हिंदी सैनिकांची नावे इंग्रजी कारकुनांनी ऐकून लिहिली. एकच तुकाराम कोठे दोन ‘ओ’ घालून, तर कोठे ‘यू’ने लिहिलेला सापडतो. ‘गणपत’, ‘गणू’ आणि ‘गणपतराव’ ही एकाच माणसाची तीन रूपे असू शकतात. ‘शिंदे’, ‘जाधव’, ‘पवार’, ‘मोरे’ यांसारखी आडनावे अनेक जिल्ह्यांत पसरलेली आहेत. पुष्कळ पदकांवर तर आडनावच नसते. म्हणून नोंदी शोधताना एका नावाची सर्व संभाव्य रोमन रूपे आधी लिहून काढावी लागतात.

काही नावांत मात्र समाजाची खूण उमटलेली असते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कामी आलेल्या सैनिकांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. महार पुरुषांच्या नावापुढे ‘नाक’ लावण्याची त्या काळी रीत होती. त्यावरूनच या सैनिकांची ओळख निश्चित झाली आणि एका समाजाच्या आत्मभानाच्या इतिहासात या स्तंभाला मोठे स्थान मिळाले.

कोकणातील बेने इस्रायली सैनिकांची नावे उलट फसवी असतात. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली स्थापन करणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे मुंबई लष्करात अधिकारी होते. लष्करात ते सामाजी हसाजी या नावाने ओळखले जात. ‘सामाजी’, ‘हसाजी’ ही नावे वाचून धारक मराठा होता असा निष्कर्ष काढल्यास तो चुकीचा ठरेल.

क्लास्प, फिती आणि फीतपट्टी

क्लास्प म्हणजे पदकाच्या फितीवर बसविलेली धातूची आडवी पट्टी. तिच्यावर लढाईचे किंवा मोहिमेचे नाव असते. १८५१ साली जाहीर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या क्लास्पांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगाव ही नावे आढळतात. म्हणजे मराठेशाहीच्या अखेरच्या लढाया या एकाच पदकावर नोंदविलेल्या आहेत. हे पदक १८५१ साली हयात असलेल्यांनाच मिळाले. कोरेगावला लढलेला सैनिक तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. त्यामुळे अशी पदके मिळालेले हिंदी सैनिक मोजकेच आहेत आणि पदकावरून धारकापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे जाते.

पूर्ण पदके समारंभाच्या वेळीच लावली जातात. रोजच्या गणवेशावर केवळ फितींचे छोटे तुकडे एका पट्टीवर बसवून लावतात. तिला फीतपट्टी म्हणतात. तिच्यावर नाव नसते, पण फितींचा क्रम ठरलेला असतो : प्रथम शौर्यपदके, नंतर मोहिमांची पदके कालक्रमाने आणि त्यानंतर दीर्घ सेवेची पदके. ब्रिटिश वॉर मेडलची फीत मध्यभागी नारिंगी असून तिच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेघा असतात. व्हिक्टरी मेडलची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची असते.

फितींची जुळणीही माहिती देते. १९१४ स्टार हे पदक ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स व बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांनाच मिळाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या बाजूला उतरलेल्या सैनिकाला ते मिळाले नाही. त्याला १९१४-१५ स्टार मिळाला. ज्याच्याजवळ कोणताही स्टार नाही, फक्त वॉर मेडल व व्हिक्टरी मेडल आहे, तो सामान्यतः १९१६ किंवा त्यानंतर रणभूमीवर गेला असला पाहिजे.

जर्मन फीतपट्ट्यांशी तुलना

१९१८ पूर्वीचे जर्मन साम्राज्य प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग ही राज्ये, अनेक लहान संस्थाने आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक ही स्वायत्त शहरे यांचे बनले होते. प्रत्येकाची स्वतःची मानचिन्हे व पदके होती. एखाद्या अधिकाऱ्याच्या पट्टीवर प्रशियाचा आयर्न क्रॉस, बव्हेरियाचे लष्करी मानचिन्ह, हॅम्बुर्गचा क्रॉस आणि दीर्घ सेवेचे पदक अशा आठ-दहा फिती एकत्र असू शकत. स्वतःच्या राज्याची मानचिन्हे सामान्यतः आधी लावली जात. त्यामुळे धारक मूळचा कोणत्या राज्याच्या सैन्यातील, हे क्रमावरून कळू शकते.

जर्मन संशोधकांची रीत वजाबाकीची आहे. लष्करातील अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांत प्रत्येकाच्या नावासमोर त्याची मानचिन्हे दिलेली असत. पट्टीवरील दुर्मीळ फीत प्रथम निवडतात आणि ती मिळालेल्यांची यादी करतात. त्यांतून दुसरी दुर्मीळ फीत न मिळालेले वगळतात, मग तिसरी घेतात. शेवटी एकच नाव उरले तर ओळख पटली असे मानतात. दोन-तीन नावे उरल्यास ओळख संभाव्य मानली जाते. सामान्य सैनिकाच्या पट्टीवर एक-दोनच सर्वत्र आढळणाऱ्या फिती असल्याने तो या पद्धतीने सापडत नाही. एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमवरील बॉम्बहल्ल्यात प्रशियाच्या लष्कराचे दप्तर जळाले, तर म्युनिकमधील बव्हेरियाचे दप्तर मोठ्या प्रमाणात वाचले. त्यामुळे बव्हेरियन सैनिकाचा शोध प्रशियन सैनिकाच्या शोधापेक्षा सुकर ठरतो.

हिंदी पदकांची स्थिती याच्या उलट आहे. येथे नाव पदकावरच असते, परंतु त्या नावामागचा माणूस नोंदींत सापडत नाही. जर्मन पट्टीला नाव हवे असते, हिंदी पदकाला गाव.

नोंदींची साधने

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात हिंदी लष्कराच्या अनेक मोहिमांच्या पदकयाद्या आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या पदकांची सूचीपत्रे आहेत, पण ती मुख्यतः ब्रिटिश लष्कराची आहेत. शौर्यपदकांच्या घोषणा तत्कालीन राजपत्रांत छापल्या जात. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे आणि सिपाही नामदेव जाधव यांची माहिती आज तपशिलाने मिळते, ती अशा प्रशस्तिपत्रांमुळे. केवळ मोहीमपदक मिळालेल्या सैनिकाविषयी असा मजकूर कोठेही छापला गेला नाही.

युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची उपयोगी पडते. तिच्यात काही वेळा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. सर्व मृतांना मात्र सारखा न्याय मिळाला नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, तर हिंदी शिपायांची केवळ संख्या नोंदविली गेली. या विषमतेची कबुली आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिली. मेसोपोटेमियात मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच आकड्यांचा मजकूर त्यांवर असतो. नावे नसली तरी गावाचा लष्कराशी असलेला संबंध त्यावरून सिद्ध होतो.

याशिवाय बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, शाळेचे दाखले आणि जमिनीच्या नोंदी यांचाही आधार घेतला जातो. सैनिकाला बक्षीस म्हणून जमीन मिळाली असल्यास महसुली दप्तरात तिचा माग लागू शकतो.

मराठवाडा आणि केज परिसर

बीड जिल्ह्यातील केज हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे या परिसरात सापडणाऱ्या पदकांचा विचार मुंबई इलाख्याहून वेगळ्या रीतीने करावा लागतो.

केजच्या शेजारी असलेल्या अंबाजोगाईचे निजामकाळातील नाव मोमिनाबाद. तेथे हैदराबाद काँटिन्जंटची छावणी होती. औरंगाबाद, जालना आणि हिंगोली येथेही या फौजेच्या छावण्या होत्या. ही फौज निजामाच्या खर्चाने, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली चाले. १८५८ मध्ये सर ह्यू रोझ यांच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत तिच्या तुकड्या होत्या. म्हणून १८५७-५८ च्या पदकावर ‘सेंट्रल इंडिया’ हा क्लास्प आणि कडेवर हैदराबाद काँटिन्जंटचे नाव अशी जोडी आढळू शकते.

१९०३ साली काँटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या सहा पायदळ पलटणी ९४ ते ९९ या क्रमांकांच्या झाल्या आणि घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स व ३० वी लान्सर्स ही पथके निघाली. या पायदळ पलटणींतून १९२२ साली १९ वी हैदराबाद रेजिमेंट तयार झाली. १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. मराठवाड्यातील एखाद्या घरातील पदकाचा धागा आज हिमालयातील नावाच्या रेजिमेंटपर्यंत पोहोचतो, तो या कारणाने.

निजामाच्या स्वतःच्या फौजेतील हैदराबाद इम्पीरिअल सर्व्हिस लान्सर्स हे पथक पहिल्या महायुद्धात इजिप्त व पॅलेस्टाइनमध्ये होते. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारकातील तीन पुतळे हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे प्रतीक आहेत. संस्थानी फौजेतील सैनिकांची माहिती शोधताना हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारातील उर्दू व फारसी कागदपत्रांकडे वळावे लागते. मोडी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे उतरलेले असू शकते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काँटिन्जंटमध्ये दख्खनी मुसलमानांबरोबर उत्तर हिंदुस्थानातील अनेक जातिजमातींचे सैनिक होते. छावणीच्या गावात पदक सापडले, एवढ्यावरून त्याचा धारक त्याच गावचा होता असे ठरत नाही. तो नोकरीनिमित्त तेथे आला असेल, निवृत्तीनंतर तेथेच राहिला असेल किंवा त्याचे पदक गहाण पडून सावकाराच्या घरी राहिले असेल.

शोधाची पद्धत

शोध पुढील क्रमाने केल्यास गफलत टळते.

१. पदक घासू किंवा उजळू नये. वारंवार घासल्याने कडेवरील अक्षरे पुसट होतात. दोन्ही बाजूंची व कडेच्या पूर्ण परिघाची छायाचित्रे घ्यावीत.
२. पदकाचा प्रकार, धातू, राजाचे किंवा राणीचे चित्र आणि क्लास्प यांवरून काळ ठरवावा.
३. कडेवरील मजकूर जसा आहे तसा, चुकांसह उतरवावा. न वाचता आलेल्या अक्षराची जागा रिकामी ठेवावी.
४. पलटणीचे त्या काळातील व नंतरचे नाव निश्चित करून ती पलटण कोणत्या मोहिमेत होती हे पाहावे.
५. नावाची सर्व संभाव्य रूपे घेऊन पदकयाद्या व मृतांच्या सूची तपासाव्यात.
६. शेवटी गाव व कुटुंब यांकडे वळावे. कौटुंबिक आठवण आणि लेखी नोंद स्वतंत्रपणे जुळल्यासच ओळख पक्की मानावी.

उदाहरणार्थ, १९१४-१५ स्टार, वॉर मेडल व व्हिक्टरी मेडल अशा तिन्ही पदकांवर तोच क्रमांक, तेच नाव आणि ‘११७ मराठाज’ असेल, तर प्रथम पलटणीचा इतिहास पाहावा. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुट-अल-अमारा येथील वेढ्यात सापडली. शरणागतीनंतर तेथील सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले आणि अनेकजण परत आले नाहीत. म्हणून धारकाचे नाव मृतांच्या सूचीत आधी शोधणे योग्य ठरते. सूचीत गाव मिळाल्यास तेथून कुटुंबापर्यंत जाता येते.

मर्यादा आणि बनावटपणा

सापडलेला संच नेहमी एकाच माणसाचा असतो असे नाही. विक्रेते निरनिराळी पदके एका पट्टीवर शिवतात. म्हणून संचातील प्रत्येक पदकावरील नाव व क्रमांक जुळतात का, हे पाहावे लागते. मूळ नाव घासून दुसरे नाव ठसविल्याचेही प्रकार आढळतात. अशा पदकाचा व्यास मूळ मापापेक्षा किंचित कमी भरतो. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. अक्षरांची घडण त्या काळच्या पद्धतीशी विसंगत असल्यास संशय घ्यावा. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेली दुसऱ्या महायुद्धातील पदके बहुधा निनावी असल्याने, सोबत मूळ पेटी किंवा कागद नसेल तर त्यांचा धारक शोधणे जवळपास अशक्य असते.

कायदेशीर व सामाजिक बाजू

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुन्या ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्यांची खासगी निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदकांना आता शंभर वर्षे उलटली आहेत. त्यामुळे ती परदेशी पाठविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.

धारकाची ओळख पटल्यावर पदक कोणाकडे असावे, याबाबत मतभेद आहेत. कायद्याने घेतलेले पदक संग्राहकाच्याच मालकीचे असते. वारसांना ते परत मिळावे, निदान त्याचे छायाचित्र व माहिती मिळावी, अशी अपेक्षा अनेक अभ्यासक व्यक्त करतात. ज्या सैनिकाचे नाव स्मारकावर कोरले गेले नाही, ज्याचे छायाचित्र नाही आणि ज्याची समाधी दूर देशी आहे किंवा नाहीच, त्याचे नाव पदकाच्या कडेवर मात्र असते. म्हणून पदक विकण्यापूर्वी किंवा आटविण्यापूर्वी किमान त्यावरील मजकूर उतरवून ठेवावा, असा सल्ला या क्षेत्रात दिला जातो.